हौशीच्या खोंडाचं पान

मामा, तुमच्या दशक्रियेला माइकवर सात जण बोलले. मी, तुमची थोरली सून, बायकांच्या मागं चिंचेखाली बसले होते. एकानं सांगितलं, नानांनी उभ्या जन्मात खिलारीच्या रक्तात थेंबभर भेसळ होऊ दिली नाही. दुसऱ्यानं तेच जास्त मोठ्यानं सांगितलं. तिसरा गुरांवरून माणसांवर घसरला आणि खानदान, घराणं, आपल्या लोकांचं रक्त असलं काहीबाही बोलत सुटला. तुम्ही असता तर तिथंच धोतर झटकून उठला असता. बैलांना नाल मारणारे रशीदभाई एकदा ओट्यावर बसून तुम्हाला चिडवत होते, "नाना, तुमच्या बैलाच्या सात पिढ्या तुमाला पाठ, आन मला माझ्या सासऱ्याच्या बापाचं नाव ठावं न्हाई." तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मला तरी कुठं ठावं हाय? माणसाला इचारता येतंय. जनावराला इचारता येत न्हाई, म्हणून ध्यानात ठेवायचं." ते रशीदभाई त्या दिवशी जुन्नरहून एसटीनं आले होते, शेवटच्या रांगेत बसले होते, आणि तो माणूस तुमच्या नावावर रक्ताच्या गप्पा मारत होता. मला त्यांच्याकडं बघायची लाज वाटली.

मग भाऊजी उठले. तुमचा धाकटा लेक. रडत रडत उठले, ते रडणं खोटं नव्हतं. पण रडता रडता म्हणाले, "नाना गेलं, तरी नानांचं रक्त वजीरच्या रूपानं आमच्या गोठ्यात हाय. वजीर धवळ्याचा, धवळ्या नानांच्या हातचा. ज्याला शुद्ध खिलार पायजे त्यानं आजपासनं गाय घिऊन यावं." मागं फ्लेक्स लावला होता. डाव्या बाजूला तुमचा फोटो, उजव्या बाजूला गुलालात माखलेला वजीर, दोघांचे फोटो एकाच मापाचे. खाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली.

वजीर धवळ्याचा नाही. हे दोन माणसांना पक्कं माहीत होतं, तुम्हाला आणि मला. आता मला एकटीला.

मामा, मी तुमच्याशी तोंडावर किती बोलले असेन? सगळं मिळून एका दिवसाचंही भरणार नाही. तुम्ही ओट्यावर, मी उंबऱ्याच्या आत, मध्ये दाराची फळी. माझं माहेर शिनोलीचं. तिकडं गाय व्याली की दूध किती देते एवढंच विचारत, वासराचा बाप कोण हे कुणी विचारत नसे. लग्न करून आण्याच्या पठारावर आले तेव्हा पहिल्याच महिन्यात तुम्ही बाहेरून विचारलंत, "सूनबाई, तुला लिव्हाय येतं का?" मी आतून म्हटलं, "चौथीपर्यंत." तुम्ही म्हणालात, "मग लई झालं. बैलाला पाचवी लागत न्हाई." मी पदर तोंडाला लावून हसले. तुम्हाला सहीपुरतं येत होतं, तुमच्या दोन्ही लेकांना तेवढा धीर नव्हता. तेव्हापासून गोठ्यातल्या प्रत्येक वासराचं पान मी लिहीत आले. आई कोण, आईची आई कोण, बाप कोण, कुणाच्या गोठ्यातला. मी हळू लिहायची. 'कालवड' लिहून होईपर्यंत तुम्ही तंबाखू मळत बसायचात. झालं का, असं एकदाही विचारलं नाहीत.

पण आपल्या घरची एक रीत तुम्हाला आठवते ना? गाय माजावर आली हे सुनेनं सासऱ्याला तोंडानं सांगायचं नाही. सासूबाईंनी मला आल्या आल्या शिकवलं होतं, गाईच्या शिंगाला चिंधी बांधायची आणि आत यायचं. तुम्ही चिंधी बघायचात, गाय वळूकडं न्यायचात, परत आल्यावर चिंधी सोडून भिंतीवर ठेवायचात आणि मला सांगायचात, लिही. इतकी वर्षं या गोठ्यातला सगळा कारभार एका शब्दावाचून चालला. याचं मला कौतुक वाटायचं. आता राग येतो. कारण त्या चिंधीला एवढंच सांगता यायचं, गाय माजावर आली. दुसरं काही घडलं तर ते सांगायला या घरात बाईला वाट नव्हती.

त्या जत्रेच्या दिवशी सकाळी मी हौशीच्या शिंगाला चिंधी बांधली होती. तुम्ही बघितलीत, म्हणालात, "आज घाटात शर्यती हायेत, संध्याकाळी धवळ्याला दावू." सगळी माणसं घाटाकडं, बैल पळवायच्या धावपट्टीकडं गेली. मी एकटी घरी पुरण वाटत होते. तिकडून माइकवरचं ओरडणं ऐकू येत होतं. आपल्या परसामागच्या लिंबाखाली शर्यतीला आलेल्या पाहुण्यांनी बैल बांधले होते, त्यांतला एक म्हैसुरी जातीचा खोंड दावं तोडून कुंपणातून आत आला. आवाज ऐकून मी मागच्या दारात गेले. हातात काठी घेतली होती. दोन पावलं टाकली असती, एक रट्टा दिला असता तर तो बाजूला झाला असता, तेवढा वेळ होता. मला लाज वाटली आणि मी तोंड फिरवून उभी राहिले. दोन लेकरं कॉलेजात जाणारी बाई मी, घरात दुसरं माणूस नाही, मला बघणारं कुणी नाही, तरी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. थोड्या वेळानं पाहुण्यांचा गडी येऊन खोंड घेऊन गेला. त्याला काय झालं ते ठाऊकही नसावं.

संध्याकाळी तुम्ही हौशीला धवळ्या लावलात. मग ओट्यावर बसून म्हणालात, "लिही. गाय हौशी. वळू धवळ्या." मी लिहिलं. चांगल्या अक्षरात लिहिलं.

वासरू झालं ते राखी रंगाचं, तोच हा वजीर. तुम्ही म्हणालात, रंग उजळंल. महिना गेला, दोन महिने गेले. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, म्हणून तुम्ही हातानं बघायचात. एक दिवस त्याच्या डोक्यावरून हात फिरवत तुम्ही किती तरी वेळ बसून राहिलात आणि रशीदभाईंना म्हणालात, "शिंगाची मुळं लई जवळ लागत्यात. धवळ्यात खोट हाय, रशीद. मला कळली न्हाई." रशीदभाई म्हणाले, "नाना, एका वासरानं काय हुतंय?" तुम्ही म्हणालात, "धवळ्याच्या तीन कालवडी तीन घरी गेल्यात. उद्या जाऊन तिघांस्नी सांगून येतो. आन धवळ्याला आता गाई दावायच्या न्हाईत."

मी आत भाकरी थापत होते. माझ्या हातातली भाकरी फाटली. त्या मुक्या जनावराच्या नावाला बट्टा लागत होता, तुम्ही तीन घरी जाऊन मान खाली घालणार होता, आणि कारण काय तर मला बोलायची लाज वाटते. रशीदभाई गेल्यावर मी उंबऱ्यापाशी आले आणि म्हणाले, "मामा, धवळ्याचा दोष न्हाई."

तुम्ही वळून बघितलं नाहीत, हे बरं केलंत. मी फळीशी बोलल्यासारखी सगळं बोलले. तुम्ही विचारलंत, "आनखी कुणी बघितलं?"

"न्हाई."

"मग तू कुणाला सांगू नगं. मी सांगतो."

मी वही काढून ती ओळ खोडायला लागले तर म्हणालात, "खोडू नगं. खाली लिही." मी लिहिलं, या खोंडाचा बाप धवळ्या नाही. जत्रेतला म्हैसुरी आहे. खोंड शर्यतीत पळवावा, गाईवर सोडू नये.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या आळीला सांगितलंत की गाय मोकळी राहिली ही तुमची चूक, आणि वासराला हात लावून तुम्हाला ते कळलं. माझं नाव कुठं आलं नाही. लोक हसले. भाऊजी म्हणाले, "नाना, आपण हून कशाला बोंब मारायची? कुणी इचारलंय का?" तुम्ही म्हणालात, "इचारल्यावर कोन बी सांगंल." मी आत उभी राहून ऐकत होते आणि मला वाटत होतं, असा सासरा कुणाला मिळाला नसेल. चार वर्षं मला तसंच वाटत राहिलं.

आता वाटत नाही, मामा. आता मी तुमच्यावर चिडले आहे आणि ते मला लिहायचं आहे. तुम्ही जनावराच्या बाबतीत कधी खोटं बोलला नाहीत, फक्त एकदा बोललात, आणि ते माझ्यासाठी. मला वाचवायला तुम्ही म्हणालात, मला हाताला कळलं. आता तेच वाक्य भाऊजी धरून बसलेत. तेरावा झाल्याच्या दिवशीच स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "वहिनी, नानांस्नी दिसत तरी व्हतं का? मोतीबिंदूचं डोळं, म्हातारपणाचं खूळ. हात लावून कुठं बाप कळतो व्हय? डॉक्टरला तरी कळंल का?" हात लावून खरंच कळलं नव्हतं. तुम्ही चुकीचा निष्कर्ष काढून धवळ्याला दोष देत होता. खरं काय ते एका बाईनं बघितलं होतं आणि त्या बाईला तुम्ही दाराआड ठेवलंत. मायेनं ठेवलंत, हे मला कळतं. पण दाराआड ठेवलंत.

आणि दुसरं. वजीर घाटात पहिला यायला लागला, त्याची पळायची बारी आली की माणसं झाडावर चढून बसायला लागली, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, डॉक्टरला बोलावून त्याला खच्ची करून घेऊ, म्हणजे पुढं कुणाला मोह होणार नाही. त्या वेळी मी आपण होऊन बोलले. म्हटलं, "मामा, त्याचा काय गुन्हा? मिसळीचा असला तरी पळतोय, खातोय, कुणाला मारत न्हाई." तुम्ही म्हणालात, "त्याचा गुन्हा न्हाई म्हणूनच. त्याच्या नावावर माणसं गुन्हा करतील." मी म्हटलं, "माणसांच्या गुन्ह्यासाठी जनावराला चिमटा?" तुम्ही हसलात, "शिनोलीची वकील." आणि माझं ऐकलंत. आपला वाद अर्धाच राहिला, तुम्ही अंथरुणावर पडल्यापासून बोलणंच खुंटलं. कशाला ऐकलंत माझं? अजूनही मला वाटतं वजीरचा गुन्हा नव्हता. आणि अजूनही मला वाटतं तुमचं बरोबर होतं. दोन्ही एकदम वाटतं, आणि विचारायला तुम्ही नाही.

भाऊजींना नवी वही हवी होती. त्यांनी दुकानातून आणून माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "लोक आता पेडिग्री मागत्यात वहिनी. फोनवर फोटो टाकावा लागतो. जुनी वही कळकट झालीय, तुमी आपली तशीच उतरून काढा. फक्त हौशीच्या खोंडाच्या पानावरच्या खालच्या ओळी सोडा. अक्षर तुमचंच, घर तुमचंच." मी काही बोलले नाही. ते बरं म्हणून निघून गेले. या घरात मी गप्प बसले की तो होकार, असंच चालत आलंय. तुमच्या थोरल्या लेकाला, म्हणजे आमच्या यांना मी सांगितलं, तर ते म्हणाले, "घरातलं घरात राहू दे. सगळेच करतात." सगळेच करतात हे खरं आहे. नदीकाठच्या एका गोठ्यात गावठी गाईच्या वासराला शिंगं तासून खिलार म्हणून विकलं, ते तुम्हीच सांगितलं होतं. पण तुम्ही ते सांगताना थुंकला होता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येडगावचे बबनराव पिकअपमध्ये गाय घालून आले. ती गाय म्हणजे आपल्या धवळ्याची नात, तुमच्या हातून गेलेल्या कालवडीची लेक. टोपी काढून तुमच्या फोटोपुढं बसले आणि म्हणाले, "नाना असतं तर काय बी इचारलं नसतं, गाय सोडून चहा प्यालो असतो."

भाऊजी म्हणाले, "तसंच करा की आता बी. वजीर हाय. नानांचंच रक्त."

"नाना म्हणायचं ह्या खोंडाला गाय दावू नगा."

"शेवट शेवट काय बी म्हणायचं. डोळं गेलेलं."

बबनराव हसले. "आमच्या म्हातारीला बी तसंच झालंय, मला जावई समजती. एवढी आवभगत जन्मात झाली न्हाई." आणि उठून पिकअपचं फाळकं सोडायला निघाले.

मी चहा घेऊन दारात उभी होते. मला एवढंच दिसत होतं की धवळ्यापासून तीन पिढ्या एक रेघ सांभाळली गेली आहे, ती आता माझ्या डोळ्यांदेखत मोडणार, आणि मी पुन्हा भिंतीकडं तोंड करून उभी राहणार. मी ओट्यावर आले.

"ह्या खोंडाला गाय लावू नका," मी म्हटलं.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, आत जावा. चहा आणा."

"चहा आणलाय."

बबनराव फाळक्यावर हात ठेवून थांबले. मी कपबश्या खाली ठेवल्या. मग म्हटलं, "ह्याचा बाप जत्रेतला म्हैसुरी हाय. मामांनी न्हाई बघितलं, मी बघितलं. परसात. सगळी घाटात गेली व्हती. मी काठी घेऊन उभी व्हते आन मी हाकलला न्हाई. सांगितलं बी न्हाई. संध्याकाळी मामांनी धवळ्या लावला आन मी वहीत धवळ्याच लिहिला. दोन म्हैन्यांनी सांगितलं. मामांनी माझं पाप आपल्या अंगावर घेतलं."

भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांना हे खरंच माहीत नव्हतं, मामा. एवढं मात्र मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. त्यांनी मनापासून मानलं होतं की बाप म्हातारपणी चळला. पण चेहरा क्षणभरच उतरलेला राहिला. मग म्हणाले, "आता सांगतीस? लाज वाटत न्हाई?"

आजवर मला कधी त्यांनी एकेरी हाक मारली नव्हती. मी म्हटलं, "लाज वाटली म्हणूनच तर हे झालं."

बबनराव माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, वहीत तुमी एकदा खोटं लिहिलं. मंग बाकीची वही खरी कशावरनं?"

याचा मी विचारच केला नव्हता. मला वाटलं होतं खरं बोललं की संपलं. एका खोंडाबद्दल खरं बोलले आणि तुमची सगळी वही, तुमच्या सगळ्या गाई, सगळी वासरं एका वाक्यानं संशयात गेली. भाऊजी चटकन म्हणाले, "बघा. घालवली का नानांची इज्जत?" त्या घडीला मला तेच वाटलं.

मी आत गेले. नवी वही कोऱ्या पानांची तशीच फळीवर होती. जुनी घेऊन बाहेर आले आणि ओट्यावर बसले. जिथं तुम्ही बसायचात तिथं नाही, बाजूला. बबनरावांच्या गाईच्या आईचं पान काढलं. पुरुषांसमोर मोठ्यानं वाचायची सवय नाही, पहिली ओळ आधी बोटानं लावून घेतली. मग वाचलं. "कालवड. बाप धवळ्या. आई चांदी. मागचं डावं थान बंद आहे, तेवढं घेणाऱ्याला दाखवून दिलं. उजव्या डोळ्यापाशी चामखीळ. स्वभाव तापट, पहिल्यांदा कडेनं जावं. घेणार येडगावचे बबन."

बबनराव म्हणाले, "मला नानांनी माझं बोट धरून ते थान दाबाय लावलं व्हतं. म्हणलं, मागनं म्हणशील म्हाताऱ्यानं फसवलं." आणि फाळक्याची कडी परत लावली. गाय एकदा हंबरली. "आनखी वाचा," ते म्हणाले.

मी तिच्या आईचं वाचलं, चांदीचं. चांदी लाथ मारते. चांदीच्या आईचं वाचलं, ती दुसऱ्या वेतानंतर फळली नाही. प्रत्येक पानावर गुणांपेक्षा दोषच जास्त. लिहिताना मला हे कधी जाणवलं नव्हतं, तुम्ही सांगायचात आणि मी लिहायची. बबनराव चहा थंड करून प्यायले, तुमच्या फोटोला हात जोडले आणि गाय घेऊन गेले. जाताना भाऊजींना म्हणाले, "पळवा राव ह्याला. पळतो झकास. त्यात काय कमी हाय?"

भाऊजी गोठ्याच्या मेढीला टेकून उभे होते. आत गेले नाहीत, माझ्या हातातली वहीही ओढली नाही. पिकअपचा आवाज उतारावर गेला तरी मी वाचत होते, मामा. हौशीच्या खोंडाचं पान आलं, तेही पहिल्या ओळीपासून खालच्या ओळींपर्यंत वाचलं, मेढीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.